पडद्यावरचा इतिहास : एका प्रेक्षकाची साक्ष

इतिहास हा विषय घेऊन एम. ए. च्या वर्गात शिकत असताना मी एकदा संतांच्या कार्यावर एक निबंध लिहिला होता, आणि माझ्या प्रतिपादनाच्या पुष्ट्यर्थ तुकोबांचा म्हणून एक अभंग मोठ्या आत्मविश्वासाने उद्धृत केला होता. निबंध तपासून परत देताना आमचे प्राध्यापक इतकेच म्हणाले, ‘हा अभंग गाथेत कितव्या क्रमांकाचा आहे, तेवढे पाहून या.’ गाथेत चार हजारांहून अधिक अभंग आहेत. मी ग्रंथालयात दोन दिवस बसून पाने उलटली, अनुक्रमणिका पुन्हापुन्हा चाळली. अभंग काही सापडला नाही. सापडणार तरी कसा? तो तुकोबांचा नव्हताच. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ या बोलपटासाठी शांताराम आठवले यांनी ते पद रचले होते. माझी आजी रोज सायंकाळी देवापुढे दिवा लावताना ते म्हणत असे, आणि आजी जे देवापुढे म्हणते ते संतवचनच असणार, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती.

त्या वेळी मला अर्थातच लाज वाटली. पुढे कळले, की अशी फसगत माझ्या एकट्याची झालेली नव्हती. चांगल्या जाणत्या मंडळींनीही ते पद अस्सल मानले होते. परंतु त्या दोन दिवसांनी मला एक प्रश्न दिला, आणि तो आजवर माझ्यासोबत आहे. चित्रपटात आणि दूरदर्शनवर आपण जो इतिहास पाहतो, त्याचे करायचे काय? तो खोटा म्हणून टाकून द्यावा, की डोळे मिटून खरा मानावा? पेशाने मी सरकारी नोकर आहे. चित्रपटाचा समीक्षक नाही, की संशोधकही नाही. म्हणून आज मी आपल्यापुढे जे मांडणार आहे, ती एका साध्या प्रेक्षकाची मते आहेत. ती तशीच ऐकावीत, एवढी विनंती.

माझे मुख्य म्हणणे आधीच सांगून टाकतो. मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला बखर हा प्रकार परिचित आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींची बखर लिहिली ती महाराजांच्या निधनानंतर, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, जिंजीच्या वास्तव्यात. मल्हार रामराव चिटणिसाची बखर तर त्यानंतर शंभरावर वर्षांनी लिहिली गेली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींवर कठोर टीका केली आणि समकालीन पत्रांना, दप्तरांना श्रेष्ठ साधन मानले, ते योग्यच होते. तथापि बखरी कोणी जाळून टाकल्या नाहीत. बखर दोन साक्षी देते, हे अभ्यासकांच्या ध्यानात आले. ज्या काळाविषयी ती लिहिलेली असते त्याविषयीची साक्ष सावधपणे घ्यावी लागते; पण ज्या काळात ती लिहिली गेली त्या काळाविषयी, त्या काळच्या आशा, भीती आणि अभिमान यांविषयी ती जे सांगते, ते फारसे खोटे नसते. माझ्या मते ऐतिहासिक चित्रपट ही विसाव्या शतकाची बखर आहे, आणि ती बखरीसारखीच वाचली पाहिजे.

याचा पहिला पुरावा अगदी आरंभीच्या काळातला आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र उलगडत असताना आपल्या मनश्चक्षूंपुढे मात्र राम आणि कृष्ण येत होते, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखांत नमूद करून ठेवले आहे. या लेखांचा मला विशेष आदर वाटतो; कारण ते निर्मात्याचे लेख असले तरी त्यांचा आरंभ एका प्रेक्षकाच्या अनुभवाने होतो. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांना दाखविण्यास आरंभ झाला. त्यात तारामतीची भूमिका साळुंके या पुरुषाने केली, हे आपण जाणतोच. हरिश्चंद्राचा काळ कोणता, हे हा चित्रपट आपल्याला सांगू शकत नाही. पण १९१३ साली स्वदेशीची भावना लोकांच्या मनात किती खोल गेली होती, आपली दैवते आपल्याच माणसांच्या हातून पडद्यावर यावीत ही तळमळ किती तीव्र होती, हे त्यातून स्पष्ट वाचता येते.

ही दुसरी साक्ष वाचण्यात आपल्या विद्वानांपेक्षा इंग्रज सरकारचे अधिकारी अधिक तरबेज होते, असे कधीकधी वाटते. १९२१ सालचा ‘भक्त विदुर’ हा महाभारतातील कथानकावरचा मूकपट. पण त्यातील विदुराच्या मस्तकावर गांधीटोपीसारखी टोपी पाहताच अधिकाऱ्यांनी काय ओळखायचे ते ओळखले, आणि मद्रास व कराची येथे त्यावर बंदी आली. १९३० साली प्रभात कंपनीने शिवचरित्रावर एक मूकपट काढला. व्ही. शांताराम यांनी तो दिग्दर्शित केला आणि शिवाजी महाराजांची भूमिकाही स्वतःच केली. त्याचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ असे होते. ते वर्ष मिठाच्या सत्याग्रहाचे. ‘स्वराज्य’ हा शब्द नियंत्रकांना खपला नाही, आणि चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने प्रसिद्ध झाला. सतराव्या शतकातील तोरणा किल्ल्याची एवढी धास्ती कोणाला वाटणार? धास्ती होती ती थिएटरात बसलेल्या प्रेक्षकाची. पुढे १९४१ साली सोहराब मोदी यांनी ‘सिकंदर’ काढला, तेव्हा जगात महायुद्ध सुरू होते. परकीय आक्रमकापुढे ताठ मानेने उभा राहिलेला पोरस लष्करी छावण्यांतील चित्रपटगृहांत दाखविणे सरकारला इष्ट वाटले नाही. त्या अधिकाऱ्यांना इतिहासाविषयी कितपत आस्था होती कोण जाणे, पण चित्रपट आपल्या काळाविषयी बोलत असतो, हे त्यांनी नेमके जाणले होते.

आता मी पुन्हा ‘संत तुकारामा’कडे येतो. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा बोलपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला, आणि मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. तो मी कितीदा पाहिला याची गणती मी ठेवलेली नाही. विष्णुपंत पागनीस यांच्या चेहऱ्यावरील तन्मयता खरीच आहे. परंतु माझ्या मते या चित्रपटाचा खरा प्राण आहे तो तुकोबांच्या पत्नीची भूमिका करणाऱ्या गौरी या नटीचा अभिनय. ही बाई विठोबावर रागावते, नवऱ्यावर चिडते, घरात दाणा नाही म्हणून कपाळाला हात लावते, आणि तरीही त्या घराला तीच धरून ठेवते. सतराव्या शतकातील देहू गाव असेच होते असे मी म्हणणार नाही. अखेरीस येणारे वैकुंठाचे विमान तर श्रद्धेच्या प्रांतातले आहे. तेथे इतिहासाने मौन पाळावे हे बरे. पण दारिद्र्यात संसार ओढणाऱ्या स्त्रीची कुचंबणा इतक्या मायेने आणि इतक्या विनोदाने दाखविणारी नजर १९३६ च्या महाराष्ट्रात होती, ही गोष्ट मला कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा मोलाची वाटते. गाथेत नसलेले ते पद मी आजही गुणगुणतो. फरक इतकाच, की आता रचनाकाराचे नाव मला ठाऊक आहे.

प्रभातचाच दुसरा एक बोलपट माझ्या मनात घर करून बसला आहे, आणि त्याला माझा पेशा कारण असावा. तो म्हणजे १९४४ सालचा ‘रामशास्त्री’. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहत असताना तेथील मराठी मंडळींनी एकदा तो दाखविला होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याचा दोष राघोबादादांवर येतो असे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी निर्भयपणे सांगितले, आणि ज्याच्या हाती सत्ता त्याच्याच तोंडावर देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय उच्चारला. मग ते पुणे सोडून वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. गजानन जागीरदारांनी उभा केलेला हा रामशास्त्री पाहताना माझ्या शेजारी बसलेले एक वयोवृद्ध निवृत्त अधिकारी डोळे पुसत होते. चित्रपट संपल्यावर ते मला म्हणाले, ‘साहेब, एका कागदावर सही करायची नव्हती, तरी केली. आज ते आठवले.’ कोणत्या कागदावर, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

या चित्रपटाची दुसरी साक्ष पाहा. १९४२ चे आंदोलन होऊन गेलेले, पुढारी तुरुंगात असलेले, आणि अशा वेळी पडद्यावर एक मनुष्य राज्यकर्त्याला सांगतो, की कायदा तुझ्याहून मोठा आहे. १९४४ च्या प्रेक्षकाला याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मात्र याच प्रसंगाभोवती जी एक कथा आपल्याकडे रूढ झाली आहे, तिच्याविषयी प्रेक्षकाने सावध असावे. ‘ध’ चा ‘मा’ करणारी आनंदीबाई महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. आज्ञापत्रातील ‘धरावे’ हा शब्द ‘मारावे’ असा बदलला गेला, ही हकीकत ग्रँट डफच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासातही आहे. पण तो बदल आनंदीबाईने केला ही गोष्ट तेथे लोकांचा समज म्हणून येते. लोकांचा समज आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत अंतर असते. रंगभूमी, कादंबरी आणि पडदा यांनी ते अंतर पुसून टाकले. समज होता तेथे दृश्य आले. दौत आली, लेखणी आली, एका स्त्रीचा हात आला. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर शंका घेणे माणसाला जड जाते. आनंदीबाई निर्दोष होती असे माझे म्हणणे नाही. पण समजावरून शिक्षा ठोठावणे हे रामशास्त्र्यांना मानवले असते काय, एवढेच मी विचारतो. पुढे १९८७ साली रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ कादंबरीवर दूरदर्शनने मालिका दाखविली, तिचे दिग्दर्शन याच जागीरदारांनी केले होते. थोरल्या माधवरावांची आणि रमाबाईंची ती कहाणी मराठी घरांतून जिव्हाळ्याने पाहिली गेली, आणि पेशवाईचे जे चित्र आज कित्येकांच्या मनात आहे ते दप्तरातून आलेले नसून या मालिकेतून आलेले आहे.

ही गोष्ट मराठीपुरती मर्यादित नाही. के. आसिफ यांचा ‘मुगल-ए-आझम’ १९६० साली आला. अनारकलीचा उल्लेख अकबरनाम्यात नाही, जहांगिराच्या आत्मचरित्रातही नाही. विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने लाहोरमध्ये ऐकलेली एक वदंता नोंदवून ठेवली, आणि इम्तियाज अली ताज यांनी १९२२ साली त्या कथेवर नाटक लिहिले. म्हणजे कागदाच्या दृष्टीने पाहिले तर या भव्य प्रासादाला पाया जवळजवळ नाहीच. परंतु चित्रपटाचा आरंभ आठवून पाहावा. पडद्यावर हिंदुस्थानचा नकाशा उभा राहतो आणि स्वतः हिंदुस्थानच निवेदन करू लागतो. पुढे जन्माष्टमीच्या उत्सवात अकबर बाळकृष्णाच्या पाळण्याची दोरी ओढतो. फाळणीला तेरा वर्षे झाली होती, निर्वासितांच्या जखमा ओल्या होत्या, आणि त्या वेळी एक चित्रपट देशाला सांगत होता, की हे घर सर्वांचे आहे. सलीमच्या बंडाविषयी जाणून घेण्यासाठी मी हा चित्रपट पाहणार नाही. १९६० सालच्या भारताला आपण कसे असावे असे वाटत होते, हे जाणण्यासाठी अवश्य पाहीन.

माझ्या आवडीचा म्हणाल, तर ऐतिहासिक चित्रपटांत मी सत्यजित राय यांच्या १९७७ सालच्या ‘शतरंज के खिलाडी’ला सर्वांत वरचे स्थान देतो. त्यात लढाई नाही, तलवारीचा खणखणाट नाही. १८५६ साली कंपनी सरकारने अवधचे राज्य खालसा केले. गोळी न झाडता केले. राय यांनी हा प्रसंग दाखविला तो एका कचेरीतून. रेसिडेंट औट्रम टेबलापाशी बसून एक अहवाल वाचतो. त्यात नबाब वाजिद अली शाह दिवसभर काय करतो याची तासवार नोंद आहे : इतक्या वाजता नमाज, इतक्या वाजता गाणे, इतक्या वाजता पतंग. नोंद खोटी नाही. पण नोंदी कोणत्या करायच्या आणि कोणत्या गाळायच्या, हे ज्याने आधीच ठरविले आहे त्याच्या हाती खरा अहवालसुद्धा शस्त्र होतो. राज्य घ्यायचे हे ठरलेले असते. अहवाल नंतर त्याला पुरविला जातो. आणि औट्रमलाही आतून हे टोचत असते. करार मोडला जात आहे हे त्याला कळते, तरी तो हुकूम पाळतो. मी वीस वर्षे अहवाल लिहीत आणि वाचीत आलो आहे. ग्रंथालयातील जाड जाड पुस्तकांनी मला जे शिकविले नाही, ते या एका प्रसंगाने शिकविले. प्रेमचंदांच्या मूळ कथेत बुद्धिबळ खेळणारे ते दोन सरदार अखेरीस एकमेकांना ठार मारतात. राय यांनी त्यांना जिवंत ठेवले आणि पुन्हा डाव मांडायला बसविले. हा बदल पुष्कळांना रुचला नाही. मला तो अधिक भयंकर वाटतो. कारण राज्य गेल्यावरही डाव चालू राहिला, हेच खरे घडले होते.

चित्रपट जे दाखवितो त्याइतकेच जे दाखवीत नाही तेही महत्त्वाचे असते. रिचर्ड ॲटनबरो यांचा १९८२ सालचा ‘गांधी’ हा मोठा चित्रपट आहे. महात्माजींच्या अंत्ययात्रेचे दृश्य ३१ जानेवारी १९८१ रोजी, म्हणजे मूळ अंत्ययात्रेच्या दिवशीच, दिल्लीच्या राजपथावर लाखो माणसांच्या साक्षीने चित्रित झाले. त्याची वेशभूषा करण्यात कोल्हापूरच्या भानू अथैया यांचा वाटा होता, आणि ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. हे सर्व मला मान्य आहे. पण तीन तासांहून अधिक चालणाऱ्या या चित्रपटात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोठेही नाहीत. १९३२ चा पुणे करारही नाही. ज्या प्रेक्षकाने केवळ हाच चित्रपट पाहिला, त्याला भारतातील एका अत्यंत मूलभूत वादाची गंधवार्ताही लागणार नाही. जब्बार पटेल यांचा डॉ. आंबेडकरांवरील चित्रपट २००० साली आला, त्यात मामुट्टी यांनी बाबासाहेबांची भूमिका केली. माझे मत असे, की हे दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ एक पाहावेत. वादी आणि प्रतिवादी या दोघांचेही म्हणणे ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, हा नियम प्रेक्षकालाही लागू आहे.

दूरदर्शनचा विचार थोडा निराळा करावा लागतो. चित्रपट पाहायला आपण घराबाहेर पडतो. दूरदर्शन आपल्या घरात येतो. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत सुरू झालेले हे माध्यम १९८२ नंतर रंगीत आणि राष्ट्रव्यापी झाले. २५ जानेवारी १९८७ पासून रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा मी बालवर्गातून नुकता पुढे सरकलो होतो. रविवारी सकाळी आमच्या गल्लीत एकच संच होता. त्याला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई, आणि आम्ही मुले सतरंजीवर पुढे बसत असू. ती पूजा होती. तिच्याविषयी मला काही टीका करायची नाही. पण पुढील वर्षी, १४ नोव्हेंबर १९८८ पासून, त्याच संचावर श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही मालिका दिसू लागली. त्या वेळच्या अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान असताना नेहरूंनी जो ग्रंथ लिहिला, त्यावर ती आधारलेली होती. तिचे त्रेपन्न भाग होते. नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज झाले होते आणि ओम पुरी औरंगजेब. सतरंजीवर बसणाऱ्यांची संख्या आता रोडावली होती. मीही अर्धा वेळ झोपेत असे. कालांतराने मोठेपणी ती मालिका पुन्हा पाहिली तेव्हा जाणवले, की तिने एक अवघड गोष्ट केली होती. तिच्यात नेहरू मधूनमधून पडद्यावर येतात आणि विचार करतात. म्हणजे हा इतिहास कोणीतरी एक माणूस सांगतो आहे, हे ती प्रेक्षकाला विसरू देत नाही. बखरीवर बखरकाराचे नाव असावे, तसे हे आहे. फार थोड्या मालिकांनी एवढा प्रामाणिकपणा दाखविला आहे.

याच सुमारास, १९८८ च्या जानेवारीत, गोविंद निहलानी यांची ‘तमस’ ही मालिका दाखविली गेली. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवर आधारलेली, फाळणीच्या वेळच्या दंगलींची ती कहाणी. ती दाखविल्याने दंगे होतील असा आक्षेप घेऊन प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयातील न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती मालिका स्वतः पाहिली, आणि ती रोखण्याचे कारण नाही असा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयानेही तोच मार्ग स्वीकारला. तसे करताना त्याने एका जुन्या निकालाचा आधार घेतला. तो नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्यापूर्वी दिलेला होता. त्याचा आशय असा, की शब्दांचा परिणाम जोखताना समंजस, कणखर आणि धैर्यवान माणूस डोळ्यांपुढे ठेवावा. दुबळ्या, डळमळत्या मनाचा किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणारा माणूस नव्हे.

ही कसोटी मी प्रथम वाचली तेव्हा मला तिच्यात प्रेक्षकाचा केवढा सन्मान दिसला! कायदा आपल्याविषयी असे गृहीत धरतो, की आपण पाहू, विचार करू, आणि घरी परत जाऊ. हे गृहीतक खरे ठरविण्याची जबाबदारी मात्र आपली आहे, आणि ती आपण नेहमी पार पाडली आहे असे मला म्हणता येत नाही. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातांनी कॅमेरा तयार केला, ज्या कोल्हापुरात १९२९ साली प्रभात कंपनी जन्मली, त्याच जिल्ह्यात पन्हाळ्याजवळच्या मसाईच्या पठारावर मार्च २०१७ मध्ये ‘पद्मावत’ चित्रपटाच्या देखाव्याला रात्री आग लावण्यात आली. चित्रपट तेव्हा पुरा झालेला नव्हता. आग लावणाऱ्यांनी त्यातील काही पाहिलेले असणे शक्य नव्हते. अल्लाउद्दिनाने चितोड घेतले ते १३०३ साली, आणि मलिक मुहम्मद जायसीने ‘पद्मावत’ हे काव्य लिहिले ते १५४० च्या सुमारास; मध्ये सव्वादोनशेहून अधिक वर्षे गेली होती. म्हणजे भांडण होते ते एका काव्यावरून रचलेल्या चित्रपटाच्या ऐकीव कथेवरून. पुढे चित्रपटाचे नाव बदलले, आरंभी खुलासे जोडले गेले, आणि २०१८ साली तो प्रदर्शित झाला. मला तो पाहताना इतिहास सापडला नाही, आणि कलेतही वस्त्राभरणांपलीकडे फारसे काही मिळाले नाही. पण हे मत बनविण्याचा अधिकार मला मिळाला तो तिकीट काढून, दोन-अडीच तास अंधारात बसल्यानंतर. न पाहता बनविलेले मत हे प्रेक्षकाचे मत नव्हे.

एक शेवटची गोष्ट सांगतो. चित्रपट टिकाऊ नसतो. जुन्या फिती नायट्रेटच्या असत; त्या पेट घेतात, कुजतात, त्यांची भुकटी होते. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले, त्यांतले अगदी मूठभर आज उरले आहेत. ‘राजा हरिश्चंद्रा’चेही सगळे रीळ आपल्याजवळ नाहीत. १९३१ सालचा ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून जे वाचविता आले ते वाचविले. पण तेथील नायट्रेटच्या फितींनाही जानेवारी २००३ मध्ये आगीने गाठलेच. जेथे चित्रपट नाही, तेथे काय उरते? जाहिराती उरतात, गाण्यांची पुस्तिका उरते, आणि कोणा प्रेक्षकाने लिहून ठेवलेले चार शब्द उरतात. उद्याच्या इतिहासकाराला तेवढ्यावरच भागवावे लागेल. म्हणून माझी सूचना अशी, की आपण जे पाहतो त्याविषयी चार ओळी लिहून ठेवण्याची सवय करावी : कोठे पाहिले, कोणाबरोबर पाहिले, काय खरे वाटले, कोठे डोळे भरून आले. त्या निवृत्त अधिकाऱ्याचे अश्रू कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाहीत. परंतु ‘रामशास्त्री’ या चित्रपटाचा इतिहास त्यांच्यावाचून अपुरा राहील, असे मला वाटते.

हल्ली माझी मुलगी माझ्याशेजारी बसून ऐतिहासिक मालिका पाहते. एखादा प्रसंग रंगात आला, की ती मध्येच विचारते, ‘बाबा, हे खरंच असं झालं होतं का?’ माझ्या प्राध्यापकांनी मला जे सांगितले तेच मी तिला सांगतो : पाहून ये. आम्ही दोघे मग कपाटातून पुस्तक काढतो आणि दिव्याखाली पाने उलटू लागतो. कधी उत्तर सापडते, कधी सापडत नाही. तोवर मालिकेचा भाग संपलेला असतो, आणि पुढच्या आठवड्यात तो पाहायला आम्ही दोघेही पुन्हा तितक्याच उत्सुकतेने बसतो.